काकांचं व्हेनिस आणि आईची वांगी

काका इटलीहून परत आले तेव्हा मेथी काढणीला आली होती, त्यामुळे त्यांना घ्यायला पुलगाव स्टेशनावर कुणी गेलं नाही. तीन वर्षं सातासमुद्रापार राहिलेला माणूस आणखी एक दिवस थांबू शकतो, मेथी थांबत नाही, असं आईचं सरळ म्हणणं होतं. शेवटी बाजारात भाजी उतरवून परत येणाऱ्या आमच्याच बैलबंडीत, रिकाम्या टोपल्यांवर बसून काका आमच्या गावी, रोहण्यात दाखल झाले. अंगात जाड लोकरी कोट, डोक्यावर बसकी टोपी आणि मांडीवर सतरंजीत गुंडाळलेल्या चार लांब लोखंडी नळ्या. ऊन असं तापलेलं की बैलांच्या तोंडाला फेस आला होता, पण काकांनी कोट काढला नाही. कोट काढला असता तर इटली दिसली नसती. काकू ओट्यावर उभी होती. तीन वर्षांनी नवरा दिसल्यावर बाईने निदान डोळ्यांना पदर लावावा अशी गावाची अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा घेऊन पाचसहा बाया कुंपणापाशी जमल्याही होत्या. काकूने नवऱ्याकडे पाहिलं, मग नळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "इतक्या फुंकण्या कायले आणल्या? घरात दोन हायेत नं."

माझे बाबा मी तीन वर्षांची असताना गेले. त्यानंतर आमची विहिरीखालची भाजीची बाग आई आणि काकू या दोन जावांनी मिळून सांभाळली. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. आमच्या घरात पहाट व्हायची ती कोंबड्याने नव्हे, तर चुलीत फुंकणी घालून फुंकणाऱ्या काकूच्या खोकल्याने. मग टोपल्यांची करकर, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज, लाइन गेली की त्या मोटारीला आईने घातलेल्या शिव्या, आणि वांग्याच्या काटेरी देठांनी ओरबाडलेल्या हातांना लावलेल्या तेलाचा वास. काका या सगळ्यात नव्हतेच. ते नागपूरला काचेच्या एका दुकानात कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी नळ्या वाकवून द्यायचे. त्या काळात वर्ध्याच्या बाजूला परदेशी माणसं शांती शोधायला येत. पिएत्रो नावाचा एक इटालियनही तशीच शांती शोधायला आला होता. ती काही त्याला सापडली नाही, काका सापडले. त्याचं व्हेनिसजवळ काचेचं घराणं होतं, पिढ्यान्पिढ्यांच्या भट्ट्या होत्या. त्याने काकांच्या हाताची सफाई पाहिली आणि त्यांना सोबत घेऊन गेला. तिथे आपण पिएत्रोचा उजवा हात होतो असं काका सांगत. आम्ही ऐकत असू. उजवा हात पाहायला इथून कोण जाणार होतं?

आल्यानंतर महिन्याभरात वांग्याच्या वाफ्यांपलीकडे, दोन कडुनिंबांच्या मधे, काकांची भट्टी उभी राहिली. विटांचा घुमट, आत काच वितळवायची मातीची मूस, लोहाराकडून आणलेला चामड्याचा भाता, आणि बाजूला काच हळूहळू निववायची विटांची कोठी. या कोठीला काका देव्हाऱ्यासारखं जपत. तापलेली काच उघड्यावर ठेवली तर तडकते, तिला उबेतच एक रात्र, एक दिवस मुरू द्यावं लागतं, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आमच्या शेळीलाही पाठ झालं असावं. आर्वीच्या पेंटरकडून पाटी रंगवून आणली: 'व्हेनिस काच कला केंद्र, रोहणा'. पेंटरने आपल्या मनाने कोपऱ्यात एक नाव काढून दिली, कारण व्हेनिस म्हणजे पाणी एवढं त्याला कुठूनसं कळलं होतं. त्या नावेत बसलेल्या माणसाला त्याने धोतर नेसवलं होतं. काकांनी ते धोतर मिटवायला दोनदा आर्वीला खेपा घातल्या आणि पेंटरने दोन्ही वेळा धोतर अधिक पांढरं करून दिलं.

गाव भट्टी पाहायला लोटलं. सगळ्यांचा प्रश्न एकच: "नामदेवभाऊ, कंदिलाची काच भेटन काय?" प्रश्न रास्त होता. गावात लाइन आली होती, पण ती जावयासारखी. येईल तेव्हा मानाने, आणि राहील तेवढाच वेळ. घरोघरी कंदील होते आणि कंदिलाच्या काचा फुटत. पण काका म्हणत, "इथं कला होते. काच पाह्यजे असन तं दुकानात जाजो." कला म्हणजे मासोळ्या. तोंड वासलेल्या, डोळे बटबटीत, शेपटीकडे पीळ घातलेल्या काचेच्या मासोळ्या. दुसरी कला म्हणजे फुलदाण्या, ज्या सगळ्या एका अंगाला कललेल्या असत. त्या का कलतात असं कुणी विचारलं तर काका म्हणत, हा नव्या जमान्याचा घाट आहे. अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ पाहिले होते, वाकडेपणालाच नाच म्हणणारे काका पहिले. बरं, आमच्याकडे फुलं जातात देवाला नाहीतर वेणीत, ती पाण्यात उभी करून कोण ठेवणार? शेजारच्या म्हातारीने एक फुलदाणी नेली आणि तिच्यात मिसरी ठेवली. काकांनी तो घाव पुढे अनेक वर्षं वागवला.

भट्टीवर काम कोण करायचं? भाता काकू ओढायची. फुटक्या बाटल्या निवडून, धुऊन, कुटून आई द्यायची. रंगाचं काम माझं. वांग्यावर फवारायला घरात मोरचूद असायचाच. तो खापरावर भाजून काळी पूड झाली की काचेत टाकायचा, मग त्या काळ्या पुडीतून असा काही निळा-हिरवा रंग उतरे की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पुढचं भाजायला ठेवलेलं विसरून खापरच तडकवलं होतं. इतकं सगळं आम्ही बाया करू शकत होतो. फक्त नळीला हात लावायचा नाही. "व्हेनिसात बाई नळीले हात लावत नाई," काका सांगत, "बाया मनी ओवते." व्हेनिसचा हा एक कायदा काकांनी बरोबर न मोडता, न तडकू देता आणला होता. काकू भाता ओढता ओढता म्हणायची, "बरोबर हाये. आमाले काय फुकता येते? सकाळ-सांज चूल तं व्हेनिसवाले येऊन फुकते." काका तिच्याकडे दुर्लक्ष करत. ज्या माणसाला दुर्लक्ष करता येतं त्याचा संसार टिकतो, असं मी पुढे पाहिलं आहे.

मला ती नळी हवी होती. उगाच आडवळणाने सांगत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले, गणितात बरी होते, दिसायला चारचौघींसारखी होते, आणि मला जगातली दुसरी कुठलीही गोष्ट नको होती. काका नळीच्या टोकाला मधासारखी काच उचलून फुंकत, तिच्यात हळूच पोकळी उमलायची, तेव्हा माझ्या हातातलं काम तसंच राहायचं. काकांचं फुंकणं मात्र असं होतं की गालच फार फुगत, काच कमी. मी सहा वर्षांची असल्यापासून कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांवर चूल पेटवत आले होते. ओल्या पऱ्हाटीला कधी जोराने, कधी नुसता श्वास सोडावा लागतो, हे ज्याने केलं त्यालाच कळतं. काकांना पाहताना मला कळायचं की ते कुठे चुकतात, आणि ते कळूनही गप्प बसावं लागायचं.

काका दुपारी जेवून तीन तास झोपत. ही सवय व्हेनिसची की रोहण्याची, देव जाणे, पण कलेला ती फार पोषक ठरली. भट्टी तर धगधगतच असे, तिला विझवता येत नाही. एका दुपारी काकूने भाता धरला आणि मला म्हणाली, "उचल वो नळी. पाहू दे व्हेनिस बुडते काय." पहिला गोळा पायाशी पडला, दुसऱ्याला भोक पडलं, तिसरा फुगला आणि मी रडले. त्यानंतर रोज दुपारी माझी शाळा भरू लागली. मास्तर नव्हता, त्यामुळे प्रगती झाली. वर्षभरात माझा हात बसला, आणि मग आईने तिचा बेत सांगितला. तिने सुताराकडून आंब्याच्या लाकडाचा कंदिलाच्या काचेचा साचा कोरून घेतला होता. भिजवलेल्या साच्यात फुंकायचं, दोन्ही टोकं छाटून दगडावर वाळू-पाण्याने घासायची. कोठी काकांच्या मासोळ्यांनी भरलेली असे, म्हणून आमच्या काचा आम्ही गरम राखेच्या रांजणात पुरून निववायचो. दहातल्या दोन तडकत, आठ टिकत. त्या पालकाच्या जुड्यांखाली दडून आर्वीच्या बाजारात जात आणि भाजीच्या आधी संपत.

परतताना आई कोळसा घेऊन यायची. काकांना वाटे, आर्वीत आपल्या मासोळ्या विकल्या जातात. "कोन घेते, वैनी?" ते विचारत. "मोठे मोठे लोक घेते, भाऊजी," आई म्हणे, चेहऱ्यावरची रेघ हलू न देता. मासोळ्या गोठ्यामागे पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली ओळीने निजलेल्या असत. पुढे काही वर्षांनी एका जाणत्या पाहुण्याने मला विचारलं की रोहण्याच्या या कला केंद्राला उत्तेजन कुणी दिलं. मी सांगितलं, अंधाराने. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांना ते खोल वाटलं असावं.

आता कोठीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. काका सकाळी दहाच्या सुमारास कोठी उघडून आदल्या दिवसाचा माल काढत, दार लोटून ठेवत आणि मुशीत नवी काच वितळायला घालत. दुपारी झोपायच्या आधी त्यात नवा माल जाई. मधल्या दोनेक तासांत ती रिकामी, पण ऊबदार कोठी पाहून आईचा जीव तुटे. एवढी ऊब वाया घालवणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिने आधी त्यात शेंगा भाजल्या. मग हरभरे. मग तिला शोध लागला की खालून चार निखारे सारले तर वांगं सगळीकडून सारखं भाजतं, साल अलगद निघते आणि धुराचा वासही राहतो. असं भरीत आमच्या घरी त्याआधी कधी झालं नव्हतं. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, कच्चं तेल, हिरवी मिरची. काका बोटं चाटून म्हणत, "व्हेनिसात सगडं भेटते, असं भरीत नाई." भट्टीच्या बाजूने वांग्याचा वास येतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण सभोवती वांग्याचाच वाफा असल्यामुळे ते समाधान मानून घेत. मासे पाण्यात राहतात म्हणून पाण्याला तळलेल्या माशाचा वास येत नाही, एवढा विचार कलावंताने करू नये.

मी एकोणीस वर्षांची झाले आणि दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. अल्लीपूरहून स्थळ आलं आणि व्हेनिसहून पत्र. स्थळ चांगलं होतं. जमीन होती, मुलगा शिकलेला, सासू मवाळ. दुर्दैवाने त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. पत्र पिएत्रोचं होतं. तो भारतात येणार होता, नामदेवची भट्टी पाहायची होती, आणि काम पसंत पडलं तर एखादी मोठी वस्तू तो तिकडच्या प्रदर्शनात नेणार होता. काका पत्र हातात घेऊन बराच वेळ बसले. मग त्यांनी आईला सांगितलं, "वैनी, एक झुंबर करतो. बारा फुलांचं. पिएत्रोनं हो म्हनलं तं भट्टी चालन. नाई म्हनलं तं बुजवतो आन् तिथं वांगे लावजो. आन् थो गेला का अल्लीपूरले होकार कळवून टाकू. पोरगी किती दिवस खापरं भाजन?" माझ्या आयुष्याचे दोन्ही निकाल असे एका दमात लागले. भट्टी बुजली तर नळी गेली, आणि चालली तरी मी अल्लीपूरला असणार होते. काका माझं वाईट चिंतत नव्हते, हेच तर कठीण होतं. वाईट चिंतणाऱ्याशी भांडता येतं.

झुंबराची सहा फुलं चांगली झाली, म्हणजे काकांच्या मानाने चांगली; पाकळ्या थोड्या कललेल्या, पण झुंबरात सगळंच लटकणार असल्याने चालण्यासारखं. उरलेली सहा, मोरचुदाच्या रंगाऐवजी अगदी स्वच्छ बिनरंगी काचेची, त्यांनी पिएत्रो यायच्या दोन दिवस आधी कोठीत ठेवली. फुलं जाड होती, म्हणून एक दिवस जास्त मुरू द्यायची असं त्यांनी मनाशी ठरवलं. घरात कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी कोठी उघडली नाही आणि झुंबराची तार आणायला गावात गेले. आईने नेहमीच्या वेळी आपलं काम केलं. उद्या परदेशी पाहुणा जेवायला येणार, भरताची रंगीत तालीम व्हायला हवी होती. विहिरीवर धुतलेली आठ मोठी वांगी, पाणी निथळत असलेली, तिने कोठीचं दार उघडून आत सरकवली आणि खालून निखारे लोटले. आतून आवाज आला: टण्. मग पुन्हा टण्. मग लागोपाठ, कुणी पैंजण तोडावं तसे. मी मिरच्या खुडत होते. आई दाराशी वाकून आत पाहत होती आणि म्हणत होती, "आतमंधी काय हाये वो? मले तं काईच दिसत नाई."

दिसणार कसं? बिनरंगी काच, अंधारी कोठी. काका आले तेव्हा आम्ही तिघी तुकडे बाहेर काढून पाटावर मांडत होतो. एका तुकड्याला वांग्याचं साल चिकटलं होतं. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल. आईलाही वाटलं असावं, कारण तीच आधी ओरडली, "सांगाले का होत होतं तुमाले? काच हाये, थे दिसते थोडीच! मासोळी असती तं ओळखली असती म्या!" काकांनी एक तुकडा उचलला, उन्हात धरला, खाली ठेवला. मग डोक्यावरची टोपी काढली. इतक्या वर्षांत त्यांना मी बिनटोपीचं फक्त झोपेत पाहिलं होतं. नळी घेऊन ते बाकावर बसले, काच उचलली, फुंकली. गोळा फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्या वेळी त्यांनी नळी बाजूला ठेवली आणि कडुनिंबाच्या बुंध्याकडे तोंड करून बसून राहिले. त्यांची पाठ मला अजून आठवते. सगळा तोरा गेल्यावर ती एका दमलेल्या शेतकऱ्याची पाठ होती, आणि मला त्यांची भयंकर दया आली.

आणि दया आली म्हणून मी नळी उचलली, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण खरं कारण असं की बाक रिकामा होता. काकूने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता भाता धरला. मी काच उचलली, लोखंडी पाट्यावर फिरवली, ओल्या पऱ्हाटीवर सोडावा तसा श्वास सोडला. फूल उमललं. काकूने सळईवर ते झेललं, मी तोंड पुन्हा तापवून चिमट्याने पाकळ्या ओढल्या, एक, दोन, पाच. हे तयार फूल आता कुठे ठेवायचं म्हणून वळले, तर काका कोठीच्या दाराशी बसलेले. त्यांनी कोठी झाडून घेतली होती, नवे निखारे पसरले होते, आणि तळहात आत धरून ऊब पाहत होते. "थांब," ते म्हणाले. "अजून थोडं. हं. आता दे." बस, एवढंच. मी सबंध दिवस फुलं काढली, काकूने भाता ओढला, आणि काका ती एकेक करून आत घेत गेले, तान्हं मूल घ्यावं तसं. रात्रभर तेच कोठीपाशी होते. माझी फुलं पातळ होती, त्यांना एक रात्र पुरली; सकाळी सहाच्या सहा बाहेर आली, एकालाही केसाएवढी चीर नव्हती.

पिएत्रो दुपारी आला. पांढऱ्या भुवयांचा, ढेरपोट्या, हसरा. पूर्वी वर्ध्याला राहिल्यामुळे मोडकी हिंदी बोलायचा. काकांना त्याने असं कवटाळलं की टोपी पडली. झुंबर कडुनिंबाच्या फांदीला टांगलं होतं. तो त्याच्या भोवती फिरला, मग कोठीपाशी जाऊन विटांवरून हात फिरवू लागला आणि आमच्याकडे वळून कौतुकाने म्हणाला, "नामदेव बहुत बढ़िया! तीन साल हमारा ठंडा करनेवाला भट्टी सँभाला. एक ग्लास नहीं टूटा. फूँकने को बहुत माँगा, मेरा बाप नहीं दिया. बाहर का आदमी को नहीं देता." त्याला वाटलं तो काकांची तारीफ करतो आहे, आणि करतच होता. आई एकदम चुलीकडे गेली. काकूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तीन वर्षं ज्या माणसाला नळी मिळाली नव्हती, तो लांबून पाहून पाहून शिकला होता, आणि घरी येऊन त्याने पहिलं काम काय केलं, तर आम्हाला नळी मिळू दिली नाही. काका जमिनीकडे पाहत उभे होते.

पिएत्रो पुन्हा झुंबराखाली गेला. निळ्या फुलांवरून त्याची नजर पटकन सरकली आणि बिनरंगी सहांवर थांबली. त्याने एका पाकळीला नखाने हलकेच टिचकी मारली. "ये छह," तो म्हणाला, "ये दूसरा हाथ है. किसका साँस है ये?" काकांनी नुसतं 'मेरा' म्हणायचं होतं. कुणी हरकत घेतली नसती. मीही नसती घेतली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ये लड़की का."

पिएत्रोच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. "लड़की? हमारा उधर औरत नहीं फूँकता."

"हमारे इधर," काका सावकाश म्हणाले, "सब औरतें फूँकती हैं. रोज. दो टाइम." आणि त्यांनी चुलीकडे बोट केलं, जिथे आई पाठमोरी बसून, गाल न फुगवता, फुंकणीने जाळ करत होती. काकू हसली. ती हसायला लागली की थांबत नसे. त्या दिवशी हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि नवरा परतला त्या दिवशी गावाला जे पाहायला मिळालं नव्हतं ते इतक्या वर्षांनी मला दिसलं.

पिएत्रोने सगळं झुंबर नेलं नाही. बिनरंगी सहा फुलं नेली. ती तिकडे कुणाच्या नावाने मांडली गेली ते मला आजतागायत ठाऊक नाही. भरीत मात्र त्याने तीनदा वाढून घेतलं आणि ते कसं भाजलं असं विचारलं. आईने सांगितलं, चुलीवर. त्याच संध्याकाळी अल्लीपूरचा माणूस निरोप न्यायला आला. मी दाराआड उभी होते. काकांनी त्याला चहा पाजला, शेतीची चौकशी केली, आणि म्हणाले, "पोरगं लाखात एक हाये तुमचं. पन आमची पोरगी भट्टीवर हाये. सध्या सवड नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीवर गेले तर काकांचा स्टूल कोठीपाशी मांडलेला होता. बाक रिकामा. नळी बाकावर आडवी ठेवलेली. मी बसले. आता काका व्हेनिसचं काहीतरी सांगतील, एखादा घाट, एखादी परंपरा, म्हणून मी वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं, "काका, पह्यले काय काढू?"

काका कोठीत तळहात धरून ऊब पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "कंदिलाची काच काढ. आर्वीच्या बाजारात लय मागनी हाये तुह्या काचेले."

मी नळी धरून तशीच बसले. काकूचा भाता थांबला. काका म्हणाले, "पाहून काय राह्यली? कोळसा काय माह्या मासोळ्यांच्या भरवशावर येत होता? पऱ्हाट्या काढाले म्याच जातो नं गोठ्यामागं." मग त्यांनी वांग्याच्या वाफ्याकडे तोंड करून मोठ्याने आईला हाक मारली, "वैनी! कोठी रिकामी हाये. वांगे टाकाचे असन तं आताच आनजो."